शुगरच्या शिबिरात लघवीची बाटली का नाही?

आपल्या मोहल्ल्यातल्या आरोग्य शिबिराचं चित्र ठरलेलं आहे. उर्दू शाळेचा किंवा जमातखान्याचा हॉल, दारावर बॅनर, आत वजनकाटा, बीपीचं मशीन आणि बोटाला टोचून शुगर मोजायचं यंत्र. सकाळी रांग लागते, जोहरच्या अजानपर्यंत बरेच लोक तपासून होतात आणि संध्याकाळी फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. मी डॉक्टर नाही, अशा शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर बसणारी कार्यकर्ती आहे. त्या टेबलावर कितीतरी जण नाव सांगण्याआधीच सांगतात, "मला शुगर आहे, दहा वर्षं झाली." मग त्यांच्या बोटाला टोचलं जातं, आकडा कागदावर लिहिला जातो आणि "गोड कमी खा, गोळी चुकवू नका" असं सांगून त्यांना घरी पाठवलं जातं.

ज्याला दहा वर्षांपासून शुगर आहे, त्याला शुगर आहे हे पुन्हा एकदा सांगून काय साधतं? त्याला जे माहीत नाही ते वेगळंच असतं. त्याच्या किडनीचं काय चाललंय आणि त्यामुळे त्याचं हृदय किती धोक्यात आहे, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. ते कळायला रक्ताची एक साधी तपासणी आणि लघवीची एक छोटी बाटली लागते. ती बाटली आपल्या शिबिराच्या टेबलावर नसते. ती तिथे असली पाहिजे, आपल्या घरांत तिचा आग्रह धरला पाहिजे आणि सरकारी दवाखान्यात ती हक्काने मागितली पाहिजे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

आधी देशाचा आकडा पाहू. आयसीएमआरच्या 'इंडियाब' या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा आजार कुठल्या एका समाजाचा नाही. 'बिर्याणी खाणाऱ्यांचा आजार' असली थट्टा कुणी केली तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. पण तो सगळ्यांचा आहे म्हणून आपण निर्धास्त राहू शकत नाही. यंत्रमागाच्या रात्रपाळ्या, दुकानात दिवसभर एका जागी बसणं, चहा आणि तंबाखूवर काढलेला दिवस, दाटीवाटीची वस्ती, फिरायला मोकळी जागा नाही, घराबाहेर पडायला बायकांना निमित्त नाही. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, गोवंडी इथल्या तरुणांना हे वेगळं सांगायला नको.

आता किडनी आणि हृदयाचा संबंध काय, ते पाहू. आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. मग रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, जे गाळणीच्या आतच राहायला हवं, ते थोडं थोडं लघवीत गळायला लागतं. हे डोळ्यांना दिसत नाही आणि दुखतही नाही. पण ज्या साखरेने आणि दाबाने किडनीतल्या वाहिन्यांचं अस्तर खराब केलं, तेच रक्त हृदयातून, मेंदूतून आणि डोळ्यांतूनही फिरत असतं. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन ही केवळ किडनीची तक्रार मानता येत नाही. शरीरातल्या सगळ्याच रक्तवाहिन्या झिजू लागल्याची ती पहिली खबर असते.

पुढे किडनी कमजोर होत गेली की हृदयावर दुसरा भार पडतो. मीठ आणि पाणी अंगात साठतं, रक्तदाब आणखी चढतो, हृदयाचा स्नायू जाड आणि ताठ होत जातो. किडनी रक्त तयार करण्याचा संदेश कमी देते, त्यामुळे रक्त कमी होतं आणि हृदयाला जास्त धावावं लागतं. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गणित बिघडून रक्तवाहिन्या कडक होतात. आपल्याकडे 'किडनीचा पेशंट' म्हटलं की डायलिसिसच डोळ्यांसमोर येतं. पण किडनीचा जुनाट आजार असलेल्या लोकांपैकी डायलिसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांपेक्षा त्याआधीच हृदयविकाराने जाणारे जास्त असतात. अशा माणसाच्या मयतीला आपण जातो, "अचानक अटॅक आला" असं ऐकतो आणि मान हलवून परततो. त्याची किडनी काही वर्षांपासून इशारा देत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. ही तीन दुखणी एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली हृदय, किडनी आणि चयापचय यांच्या या साखळीला एकत्रित नावच दिलं आणि तिघांचा विचार एकत्र करा असं सांगितलं.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, पोटात वर जळजळतं, अंगातलं त्राण जातं. बायकांमध्ये अशी लक्षणं जास्त आढळतात. अम्मी म्हणते "गॅस झालाय", आणि कुणीतरी सोडा आणून देतं. शुगर असलेल्या माणसाला अचानक दम लागला, घाम आला किंवा अकारण गळून गेल्यासारखं झालं, तर आधी ईसीजी, मग बाकीचं. पाय सुजणं, रात्री आडवं झोपता न येणं, दोन जिने चढताना धाप लागणं, ही लक्षणंही 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

तपासण्या दोन आहेत. पहिली रक्तातलं क्रिएटिनिन. पण नुसता क्रिएटिनिनचा आकडा फसवतो. त्यावरून वय आणि स्त्री-पुरुष हे लक्षात घेऊन 'ईजीएफआर' काढावा लागतो, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज. उदाहरण घ्या. पंचवीस वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर त्याचा ईजीएफआर ९५च्या आसपास येतो, काळजीचं कारण नाही. तेच १.१ पासष्ट वर्षांच्या अम्मीचं असेल तर तिचा ईजीएफआर ५६च्या आसपास येतो, आणि तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार धरला जातो. एकच आकडा, पण एक जण ठणठणीत आणि दुसरी आजारी. अम्मीच्या रिपोर्टवर मात्र १.१च्या पुढे 'नॉर्मल' छापलेलं असू शकतं. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर लिहून मागा.

दुसरी तपासणी लघवीची. तिला 'यूएसीआर' म्हणतात, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी असलेलं प्रमाण. हा आकडा ३०च्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० असेल तर गळती सुरू झाली आहे, ३००च्या वर असेल तर गळती मोठी आहे. लघवीत पट्टी बुडवून होणारी साधी तपासणी सुरुवातीची थोडी गळती पकडू शकत नाही, म्हणून नेमकी हीच तपासणी सांगावी लागते. सकाळची पहिली लघवी चांगली. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीची खूप मेहनत यामुळे आकडा खोटा वाढू शकतो, त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरून जायचं नाही, तपासणी पुन्हा करायची. टाइप-२ मधुमेह असलेल्याने निदान झाल्यापासूनच या दोन्ही तपासण्या वर्षातून निदान एकदा करायच्या असतात. खासगी प्रयोगशाळेत त्यांना काही शे रुपये लागतात. अँजिओप्लास्टीचं बिल लाखाच्या घरात जातं. डायलिसिस तर आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास, आणि सोबत नेणाऱ्याची रोजीही बुडते.

कुणी म्हणेल, आजार कळून तरी काय फायदा? फायदा आहे, आणि गेल्या दहा वर्षांत तो खूप वाढला आहे. रक्तदाब १३०/८०च्या खाली आणणं, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी जी दाबासोबत अल्ब्युमिनची गळतीही कमी करते, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, आणि तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद, या जुन्या गोष्टी आजही पाया आहेत. त्यात 'एसजीएलटी-२' गटाच्या औषधांची भर पडली. ही औषधं शुगर कमी करण्यासाठी आली, पण हृदय आणि किडनी या दोघांनाही जपतात असं दिसून आलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रेडेन्स' या चाचणीत मधुमेह आणि किडनीचा आजार दोन्ही असलेले ४,४०१ लोक होते. ते सगळे आधीपासून रक्तदाबाची योग्य औषधं घेत होते. त्यात कॅनाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये किडनी निकामी होणं, ती झपाट्याने खालावणं किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू येणं यांचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. हृदय थकून रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ साली संपलं, अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव उतरले. जी गोळी कालपर्यंत श्रीमंतांची होती ती आता मध्यम कमाईच्या घराच्या आवाक्यात आली आहे. पण डॉक्टर ती या कारणासाठी केव्हा लिहील? किडनीचा रिपोर्ट समोर असेल तेव्हा. हे औषध प्रत्येकाला चालत नाही. त्यात अंगातलं पाणी कमी होऊ शकतं, लघवीच्या जागेला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते काही दिवस थांबवावं लागतं. त्यामुळे ते शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नका, स्वतःच्या डॉक्टरला विचारा.

घरातल्या काही सवयींकडेही बघायला हवं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला आणि हृदयाला दोघांनाही महागात पडतात. ताकदीसाठी म्हणून घेतलेल्या काही कुश्त्यांमध्ये शिसं, पारा असे जड धातू असू शकतात. त्यात काय आहे हे ठाऊक नसेल तर ते पोटात जाऊ देऊ नका, देणारा कितीही नामवंत असो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून चहाचा एक चमचाही नाही. लोणचं, पापड, खारी, फरसाण, सुकी मासळी यांतलं मीठ त्यातच मोजायचं. आणि किडनी बरीच कमजोर असेल तर 'कमी सोडियमचं मीठ' हा पर्याय डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि ते वाढलं तर हृदयाची लय बिघडते.

इथे रमजानचा विषय येतोच. शुगर, किडनी आणि हृदय तिन्ही नाजूक असलेली आपली ज्येष्ठ मंडळी रोजा सोडायला तयार होत नाहीत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींमध्ये आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. बरं झाल्यावर रोजे भरून काढावेत, आणि ज्याला ते शक्यच नाही त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा, फिदयाचा मार्ग आहे. अल्लाहने दिलेली सवलत घेताना अब्बांना लाज का वाटावी? लाज वाटते कारण मोहल्ल्यात कुणी विचारेल ही भीती असते. ती भीती आपण तरुणांनी काढायची आहे. डायलिसिसवर असलेल्यांनी किंवा किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्यांनी रोजा धरणं धोक्याचं आहे, असं मधुमेह आणि रमजान यांवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ज्यांना डॉक्टर परवानगी देतात त्यांनीही रोजात शुगर मोजायची आहे. बोटाला टोचल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांना मान्य आहे. शुगर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा, इफ्तारची वाट बघायची नाही. याच सूचना रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरकडे जायला सांगतात. म्हणजे साधारण रजबच्या पहिल्या पंधरवड्यात. शिबिरं घ्यायचीच असतील तर त्या काळात घ्या, आणि टेबलावर लघवीच्या बाटल्या ठेवा. इमाम साहेबांनी जुम्याच्या दिवशी दोन वाक्यं सांगितली तर आमच्या दहा पत्रकांपेक्षा जास्त काम होईल.

"जे नशिबात असेल ते होईल," हे वाक्य शिबिरात मला वारंवार ऐकू येतं. उंट मोकळा सोडून अल्लाहवर हवाला ठेवू नये, ही शिकवण आपल्याच घरातली आहे. तपासणी म्हणजे उंटाचा दोर बांधणं.

मशिदींना हे जमेल का, अशी शंका कुणाला असेल तर २०२० सालच्या कोविडची आठवण करून देते. तेव्हा भिवंडीत मशिदीत ऑक्सिजनची सोय झाली होती, पुण्यात आझम कॅम्पसच्या मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली गेली होती. संकट डोळ्यांसमोर असलं की आपल्या संस्था उभ्या राहतात. हे संकट आवाज न करता येतं, एवढाच फरक. जकातीतून गरजूचं डायलिसिस होतं, ते झालंच पाहिजे. पण त्याच माणसाची पाच वर्षं आधी तपासणी झाली असती तर कदाचित तो घेणाऱ्यांच्या रांगेत आलाच नसता. मदतीचा काही भाग रांगेच्या या टोकाला वळवण्याचा विचार आपल्या ट्रस्टींनी करावा, असं मला वाटतं.

मात्र सगळा भार मोहल्ल्यावर टाकणं मला मान्य नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि डायलिसिस होतं, पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६पासून जिल्हा रुग्णालयांतून चालतो. या योजना हव्यातच, त्यांनी जीव वाचतात. पण त्या शेवटच्या टप्प्यावर मदत करतात. तिशीपुढच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. शुगर सापडलेल्या माणसाची किडनी दरवर्षी तपासली जाते का, हा पुढचा प्रश्न आहे. तो विचारायला आंदोलन लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला विचारा: तुमच्याकडे मधुमेहाचे किती रुग्ण नोंदलेले आहेत, गेल्या वर्षभरात त्यांतल्या किती जणांचा ईजीएफआर काढला आणि किती जणांची यूएसीआर तपासणी केली? उत्तर काहीही येवो, ते घेऊन नगरसेवकाकडे जाता येतं. मागणी फक्त आपल्या मोहल्ल्यासाठी करू नका. शेजारच्या वस्तीतल्या मावशीलाही तीच तपासणी हवी आहे, आणि दोन वस्त्यांच्या सह्या एका अर्जावर असल्या की तो बाजूला सारणं अवघड जातं.

मला कधीकधी विचारलं जातं, आपल्यापुढे घर, नोकरी, सुरक्षितता असे एवढे मोठे प्रश्न असताना लघवीच्या तपासणीचं काय घेऊन बसलात? त्या प्रश्नांशी लढायला माणसं जिवंत लागतात. पन्नाशीत कमावता माणूस गेला की घरातल्या मुलीचं शिक्षण थांबतं, मुलगा कारखान्यात जातो, घर विकलं जातं. शिक्षणाबद्दल आपण जे बोलतो, ते अशा एका दुपारी धुळीला मिळतं. आरोग्य हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे आणि तो मागणं हे आपल्या चळवळीचंच काम आहे.

तेव्हा या आठवड्यात एक करा. अम्मी-अब्बांची जुनी फाइल उघडा. त्यात ईजीएफआर आणि यूएसीआर हे दोन आकडे गेल्या वर्षभरातले आहेत का, ते बघा. नसतील तर त्यांना घेऊन जा, रिपोर्ट डॉक्टरला दाखवा आणि "हृदयासाठी काय करायचं?" हेही त्याच भेटीत विचारा. अम्मी "मला काय झालंय, अब्बांचं आधी बघ" म्हणेल. तिची बाटली आधी भरून घ्या. आणि पुढच्या शिबिराचं बॅनर छापायला देण्याआधी आयोजकांना विचारा की बाटल्या किती मागवल्या आहेत.